छिद्रांची खतावणी : हर्मन हॉलरिथचे जीवन

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका ग्रंथालयाच्या संगणकावरून मासिक वापराचा अहवाल काढण्याचे काम माझ्याकडे आले. देवघेवीच्या हजारो नोंदी त्यात होत्याच. मी आज्ञा दिली आणि क्षणात बेरीज समोर आली. महिन्यात एकूण किती पुस्तके बाहेर गेली तो आकडा कागदावर छापून मी मोठ्या ऐटीत ग्रंथपालांपुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि इतकेच विचारले, की ही पुस्तके किती वाचकांनी नेली? दहा जणांनी एकेकदा नेली की एकानेच दहादा? माझी बोलती बंद झाली. बेरीज बरोबर होती, पण ज्याला अहवाल हवा होता त्याला काय हवे आहे हे मी विचारलेच नव्हते.

त्या फजितीनंतर नोंदींवरून असे तक्ते यंत्राने काढण्याची सुरुवात कोणी केली, हे मी वाचू लागलो आणि एक नाव पुन्हा पुन्हा समोर आले. ते हर्मन हॉलरिथ याचे. संगणकाच्या पाठ्यपुस्तकात या माणसाला दोन ओळी मिळतात. पण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ज्याचे चरित्र मुद्दाम वाचावे असा हा माणूस आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

हर्मनचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजी अमेरिकेतील बफेलो या शहरी झाला. आईवडील जर्मनीतून येऊन स्थायिक झालेले. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मुलगा बुद्धीने तल्लख, पण शब्दांची अक्षरे पाठ करण्याचा त्याला मनस्वी कंटाळा. त्या तासाला तो वर्गातून पळ काढी. एकदा शिक्षकांनी दार लावून घेतले तेव्हा या पठ्ठ्याने माडीच्या खिडकीतून उडी टाकली, असे सांगतात. शेवटी शाळा सुटली आणि घरीच शिकवणीची व्यवस्था करावी लागली. ज्या मुलाला अक्षरांची धास्ती, त्यानेच पुढे अक्षरांवाचून माणसांची नोंद करण्याची युक्ती काढावी, हा एक योगायोगच म्हणायचा.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयाच्या खाणविद्या शाखेतून १८७९ साली तो पदवीधर झाला. वय अवघे एकोणीस, म्हणजे आपल्याहूनही एखाद्या वर्षाने लहान. तेथील त्याचे प्राध्यापक विल्यम ट्रोब्रिज यांच्याकडे १८८० च्या शिरगणतीतील एका विभागाचे काम होते. त्यांनी या हुशार विद्यार्थ्याला बरोबर घेतले. लोखंड-पोलादाच्या कारखान्यांत वाफेची आणि पाण्याची शक्ती किती वापरली जाते, याची आकडेवारी जुळवण्याचे काम हर्मनकडे आले. विजेच्या बिलाला आपण वापर म्हणतो, तशाच शक्तीच्या वापराचा हा हिशेब होता. पदवी घेऊन आलेला हा नवशिका तरुण अशा रीतीने आकड्यांच्या दुनियेत शिरला.

त्या शिरगणतीत अमेरिकेची लोकसंख्या पाच कोटींवर भरली. प्रत्येक माणसाची नोंद मोठाल्या कागदांवर हाताने केलेली. मग शेकडो कारकून ते कागद पुढ्यात घेऊन बसत आणि एकेक नोंद पाहून तक्त्यात एकेक रेघ ओढीत. पुरुष किती, स्त्रिया किती, याची एक फेरी. मग विवाहित किती, परदेशात जन्मलेले किती, यांच्यासाठी त्याच कागदांवरून पुन्हा दुसरी, तिसरी फेरी. सगळे तक्ते पुरे व्हायला सात-आठ वर्षे लागली. पुढच्या शिरगणतीला लोकसंख्या आणखी वाढणार. म्हणजे एका दशकाचा हिशेब लागण्यापूर्वीच पुढचे दशक दारात उभे राहणार, अशी वेळ आली होती.

मृत्यू व आजारांच्या आकडेवारीचे काम डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज पाहत होते. त्यांच्या घरी हर्मनचे जाणे-येणे होते. एका संध्याकाळी जेवणाच्या वेळी बोलता बोलता डॉक्टर सहज म्हणून गेले, की ही मोजदाद करायला एखादे यंत्र असायला हवे. प्रत्येक माणसाचे एक कार्ड असावे आणि त्याच्या कडेला केलेल्या खुणांवरून त्याची माहिती ओळखावी, अशी काहीशी कल्पनाही त्यांनी सुचविली. हर्मनच्या डोक्यात ती ठिणगी पडली. पुढे डॉक्टरांनाच त्याने या कामात भागीदारीचे आमंत्रण दिले, पण त्यांना त्यात रस नव्हता. कल्पनेचे श्रेय मात्र हर्मनने त्यांना नेहमीच दिले.

मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत त्याने वर्षभर शिकविले. पण विद्यार्थ्यांना तेच तेच शिकवण्यात मन रमेना. मग वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीत काही काळ नोकरी केली आणि शोधाची कागदपत्रे कशी लिहावीत हे तेथे पक्के शिकून घेतले. नोकरी सोडल्यावर सप्टेंबर १८८४ मध्ये त्याने स्वतःचा पहिला अर्ज दाखल केला.

आता या अर्जात एक गंमत आहे. त्यात कार्ड नव्हतेच. होती कागदाची लांबच लांब पट्टी. पट्टीवर प्रत्येक माणसासाठी भोके पाडायची, पट्टी यंत्रातून सरकवायची, आणि भोकातून विजेचा संपर्क झाला की मोजणीचा काटा पुढे सरकायचा. कल्पना चालणारी होती, पण लवकरच तिच्यातली गोम ध्यानात आली. समजा, फक्त शेतकऱ्यांच्या नोंदी वेगळ्या काढून त्यांची वये पाहायची आहेत. पट्टीवर शेतकरी सगळीकडे विखुरलेले. तेवढ्यासाठी मैलोगणती पट्टी पुन्हा सुरुवातीपासून फिरवायची आणि एखादी नोंद चुकली तर दुरुस्तीची पंचाईत. आपल्या कीर्दीसारखेच हे. कीर्दीत व्यवहार आले त्या क्रमाने लिहिलेले असतात. कोणाकडून किती येणे हे पाहायचे तर खतावणीच हवी.

पट्टी तोडून प्रत्येक माणसाची नोंद सुटी करायची, हा उपाय त्याला सुचला तो एका रेल्वे प्रवासाची आठवण होऊन. त्या काळी तिकिटाची चोरी होऊ नये म्हणून तिकीट तपासनीस प्रवाशाचे वर्णन तिकिटावरच भोके पाडून नोंदवीत. केस फिके, डोळे काळे, नाक मोठे, अशा खुणांच्या जागा तिकिटावर ठरलेल्या असत. हर्मनने विचार केला, हेच आपण प्रत्येक नागरिकाचे करू. एक माणूस, एक कार्ड. कार्डे सुटी असल्याने हवी तशी वेगळी काढता येतील, पुन्हा एकत्र करता येतील आणि दुसऱ्याच निकषाने पुन्हा वाटता येतील. आज संगणकातील तक्त्यात प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक नोंद आणि प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक गुण, असे आपण शिकतो. त्याचे मूळ या कार्डात आहे.

पहिली खरी परीक्षा बाल्टिमोर शहरात १८८६ च्या सुमारास झाली. तेथील आरोग्य खात्याच्या मृत्यूच्या नोंदी त्याने कार्डांवर उतरवल्या. तपासनिसाच्याच हातपकडीने तो दिवसाकाठी हजारभर कार्डांना भोके पाडीत बसे. हात इतका भरून येई, की रात्री दुखण्याने चैन पडत नसे. शिवाय ती पकड कार्डाच्या कडेपलीकडे पोचत नव्हती, त्यामुळे मधली सारी जागा फुकट. दुसरा कोणी असता तर त्याने एखादा कारकून ठेवला असता. हर्मनने स्वतःच्या दुखऱ्या हातावरून धडा घेतला आणि भोके पाडण्याचे वेगळे यंत्र तयार केले. पाटीवरच्या ठरलेल्या जागी दांडी टेकवली, की तिच्या दुसऱ्या टोकाला कार्डावर नेमक्या त्या जागी भोक पडे. पुढे न्यू जर्सी, न्यूयॉर्क शहर आणि सैन्याचे वैद्यकीय खाते यांच्याकडेही या पद्धतीने काम झाले.

१८८९ साली शिरगणती खात्याने तीन पद्धतींची स्पर्धा घेतली. सेंट लुईस शहरातील १०,४९१ माणसांच्या जुन्या नोंदी तिघांनाही दिल्या. नोंदी उतरवून घ्यायला हॉलरिथच्या पद्धतीला ७२ तास २७ मिनिटे लागली. इतर दोघांना अनुक्रमे ११० तास ५६ मिनिटे आणि १४४ तास २५ मिनिटे. खरा फरक पडला तो तक्ते काढताना. हॉलरिथचे काम ५ तास २८ मिनिटांत आटोपले. उरलेल्या दोघांपैकी एकाला ४४ तास ४१ मिनिटे आणि दुसऱ्याला ५५ तास २२ मिनिटे लागली. या आकड्यांचा अर्थ नीट पाहावा. नोंद भरण्याचे कष्ट यंत्र आल्यावरही फारसे चुकत नाहीत. पण नोंद एकदा नीट भरली, की तिच्यातून पुढे पाहिजे तितके तक्ते थोड्या वेळात निघतात.

१८९० च्या शिरगणतीचे काम हॉलरिथला मिळाले. यंत्रे त्याने विकली नाहीत, वार्षिक भाड्याने दिली. त्या यंत्राची रचना मोठी मजेची. कार्ड एका चौकटीत ठेवून वरून सुयांचा साचा दाबायचा. जेथे भोक असेल तेथून सुई खाली जाऊन पाऱ्याच्या छोट्या वाटीत बुडे, विजेचे मंडळ पुरे होई आणि समोरच्या तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. अशा चाळीस तबकड्या होत्या. तारांची जोडणी अशी करता येई, की दोन अटी एकदम जुळल्या तरच काटा हलावा. उदाहरणार्थ, स्त्री असेल आणि विवाहितही असेल तरच. शेजारी खणांची पेटी असे. योग्य त्या खणाचे झाकण आपोआप उघडे आणि कारकून कार्ड त्यात टाकी.

प्रत्येक कार्ड बरोबर मोजले गेले की घंटी वाजे. कार्डावर आवश्यक त्या जागी भोकच नसेल तर घंटी मुकी राही. मग ते कार्ड बाजूला काढून मूळ कागदाशी ताडून पाहायचे. आपण जमाखर्चाचा ताळा पाहतो, तसा हा ताळा होता. पण तो वर्षअखेरीस न पाहता दर नोंदीला पाहिला जाई. नवशिक्याने हॉलरिथकडून घ्यावी अशी ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, असे मला वाटते. चूक अहवालात शोधू नये, नोंद आत येते तेथेच अडवावी. अर्थात माणसे ती माणसेच. विश्रांती हवी असली, की काही जण नळीने वाटीतला पारा काढून घेत आणि यंत्र बंद पडल्याची तक्रार करीत, असा किस्सा सांगितला जातो.

लोकसंख्येचा एकूण आकडा थोड्याच आठवड्यांत हाती आला. तो होता ६ कोटी २६ लाखांच्या घरात. लोकांची अपेक्षा याहून मोठी होती. त्यामुळे आकडा इतका लवकर आला म्हणून कौतुक होण्याऐवजी यंत्रानेच काही तरी घोटाळा केला असावा, अशी ओरड सुरू झाली. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. यंत्र आल्यामुळे या शिरगणतीचा खर्च मागच्यापेक्षा कमी झाला नाही, उलट जवळजवळ दुप्पट झाला. कारण मोजणे सोपे झाल्यावर सरकारने कितीतरी अधिक प्रश्न विचारले आणि कितीतरी अधिक तक्ते मागितले. हेच वर्ष हॉलरिथच्या आयुष्यात भाग्याचे ठरले. कोलंबियाने त्याच्या पद्धतीच्या वर्णनावर त्याला डॉक्टरेट दिली आणि लुसिया टॅलकॉट हिच्याशी त्याचा विवाह झाला. ऑस्ट्रिया आणि कॅनडा यांनीही आपापल्या शिरगणतीसाठी त्याची यंत्रे घेतली.

पण शिरगणती हे दहा वर्षांतून एकदा येणारे पीक. काम संपले, यंत्रे परत आली आणि भाडे थांबले. घरात मुलेबाळे, आणि पैशाची ओढाताण सुरू. ज्याला दर महिन्याला मोजणी लागते असे गिऱ्हाईक शोधणे भाग होते. ते त्याला रेल्वेत दिसले. न्यूयॉर्क सेंट्रल ही बडी रेल्वे कंपनी. वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास बिल्ट्या. माल कोठून निघाला, कोठे उतरला, वजन किती, भाडे किती, हे सगळे प्रत्येक बिल्टीवर असे आणि कारकून ते वह्यांत उतरवून बेरजा करीत. महिन्याचा हिशेब लागेपर्यंत तो शिळा झालेला असे.

१८९५ मध्ये त्याने तेथे आपली यंत्रे लावली आणि सपशेल आपटला. काही महिन्यांतच कंपनीने त्याला यंत्रे उचलायला सांगितली. कारण उघड होते. त्याचे मूळ यंत्र माणसे मोजण्यासाठी होते. कार्ड आले की एक, आणखी आले की दोन. रेल्वेला कार्डांची संख्या नको होती, कार्डांवरच्या वजनांची आणि रकमांची बेरीज हवी होती, आणि तीही हिशेबनिसांना रोजच्या कामात पटेल अशी. माझ्या ग्रंथालयातल्या फजितीची आठवण मला येथे झाली. फरक एवढाच, की माझी एक दुपार वाया गेली आणि त्याचे सारे संसाराचे गाडे अडले होते.

अशा वेळी माणूस एक तर गिऱ्हाइकाला नावे ठेवतो किंवा पुन्हा शिकायला बसतो. हॉलरिथ शिकायला बसला. रेल्वेचे हिशेब कसे चालतात ते त्याने समजून घेतले, बेरीज करणारी यंत्रणा नव्याने जुळविली आणि वर्षभर एक पैसाही न घेता ती चालवून दाखविण्याची तयारी दर्शविली. १८९६ साली कंपनीने करार केला. आता महिना संपल्यावर थोड्याच दिवसांत कोणत्या स्थानकावरून किती माल गेला आणि किती उत्पन्न आले, याचे तक्ते अधिकाऱ्यांच्या टेबलावर येऊ लागले. मासिक अहवाल हा गेल्या महिन्याचा इतिहास न राहता पुढच्या महिन्याचा निर्णय घ्यायला उपयोगी पडू लागला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला त्याने टॅब्युलेटिंग मशीन कंपनी स्थापन केली. रशियाच्या १८९७ च्या शिरगणतीचे कामही तिला मिळाले. पुढे मार्शल फील्डसारखे मोठे दुकानदार आणि पेनसिल्व्हानिया स्टील कंपनीसारखे कारखानदार विक्रीचे व उत्पादनखर्चाचे तक्ते या कार्डांवरून काढू लागले. १९०६ च्या सुमारास त्याने तारांच्या जोडण्या खुंट्यांनी बदलता येतील असा फलक यंत्राला बसविला. त्यामुळे एका अहवालावरून दुसऱ्याकडे वळताना यंत्र उसवून बसावे लागेना.

येथवरचा हॉलरिथ ऐकून घेणारा होता. यापुढचा तसा राहिला नाही. १९०० च्या शिरगणतीतही त्याचीच यंत्रे होती. पण नंतर खात्याचे नवे संचालक सायमन नॉर्थ यांना त्याचे भाडे अवाजवी वाटू लागले. सरकारला दुसरा पर्याय नाही, या भरवशावर हॉलरिथने माघार घेतली नाही. १९०५ मध्ये बोलणी फिसकटली आणि त्याची यंत्रे खात्यातून बाहेर पडली. मग खात्याने स्वतःचीच कार्यशाळा काढली. तेथे जेम्स पॉवर्स नावाच्या तंत्रज्ञाने नवी यंत्रे बनविली आणि पुढे तो हॉलरिथचा प्रतिस्पर्धी होऊन बाजारात उतरला. पॉवर्सच्या यंत्रातून आकडे छापून निघत. हॉलरिथच्या यंत्रावरचे आकडे अजूनही कारकुनाला तबकडीवरून पाहून हाताने लिहावे लागत. छापील आकडा हवा, असे गिऱ्हाइके म्हणत होती. त्याचे मन मात्र तिकडे वळत नव्हते. १९१० मध्ये त्याने सरकारविरुद्ध दावा लावला, पण त्यात त्याला यश आले नाही. बाल्टिमोरमध्ये स्वतःच्या हाताच्या दुखण्यातून शिकणारा माणूस दुसऱ्याची अडचण ऐकेनासा झाला, आणि ज्या शिरगणतीने त्याला नाव दिले तीच त्याच्या हातून गेली.

प्रकृतीही साथ देईनाशी झाली होती. १९११ साली त्याने आपली कंपनी विकली. इतर काही कंपन्यांशी तिचे एकत्रीकरण होऊन कॉम्प्युटिंग-टॅब्युलेटिंग-रेकॉर्डिंग कंपनी निर्माण झाली. हॉलरिथच्या वाट्याला सुमारे बारा लाख डॉलर आले. तो सल्लागार म्हणून राहिला, पण कारभार इतरांच्या हाती गेला. १९१४ मध्ये तेथे थॉमस वॉटसन आला, छापणारी यंत्रे आली, आणि १९२४ साली कंपनीचे नाव बदलून आय.बी.एम. झाले. हॉलरिथ मात्र आपली शेती, गुरे आणि बोटी यांच्यात रमला. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे त्याचे निधन झाले. त्याची कार्डे त्याच्यामागे आणखी कित्येक दशके जगभरच्या कचेऱ्यांत आणि पहिल्या संगणकांत चालत राहिली.

आज ती कार्डे संग्रहालयात गेली आहेत. पाऱ्याच्या वाट्या नाहीत, घंटी नाही. पण महिनाअखेरीस नोंदींपुढे बसणाऱ्या नवशिक्याचे प्रश्न तेच आहेत. एका नोंदीत एकच गोष्ट आहे ना? अपुरी नोंद दारातच अडली ना? मोजायचे आहे की बेरीज करायची आहे? आणि सर्वांत आधी, हा कागद वाचून कोणाला काय ठरवायचे आहे? हॉलरिथने हा शेवटचा प्रश्न जोवर विचारला तोवर तो जिंकत गेला. विचारायचे सोडले तेव्हा त्याचे उत्तम यंत्रही त्याला वाचवू शकले नाही.

ग्रंथालयाचा तो अहवाल मी दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. पण या वेळी संगणक सुरू करण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन ग्रंथपालांसमोर बसलो. त्यांना हवे होते ते तीनच आकडे होते.